पात्याची जिलई आणि धारेचे ओरखडे

धार लावणे म्हणजे पोलाद घासून काढणे. त्यामुळे ओरखडे अटळच असतात. ते डोळ्यांत भरतात की लपतात, हे त्यांच्या खोलीइतकेच भोवतालच्या पृष्ठभागावर ठरते. १००० क्रमांकाच्या जपानी पाणदगडातले कण साधारण १२ ते १५ मायक्रॉनचे असतात, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. अशा कणांचे चरे प्रकाश विखुरतात आणि म्हणून दिसतात.

सुरी दर बाजूला १५ ते २० अंशांत धरली, तर दगड फक्त धारेच्या अरुंद उतारावर चालतो. कोन घसरला, किंवा जाड झालेले पाते पातळ करण्यासाठी जवळजवळ आडवे टेकवले, की ओरखडे पात्याच्या रुंद बाजूवर चढतात. जिलईचा कस तिथे लागतो.

आरशासारखी जिलई सर्वांत उघडी पाडणारी. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परतवतो, त्यामुळे विखुरणारी एखादी बारीक रेघही वेगळी उठून दिसते. सॅटिन जिलईत समांतर रेघा मुळातच असतात. त्यांच्या दिशेने गेलेला ओरखडा त्यांत मिसळतो, आडवा गेलेला मात्र लगेच नजरेस येतो. काचेच्या मण्यांचा मारा करून आणलेल्या मंद जिलईवर घासलेला भाग चकाकतो. शिवाय तिच्या सूक्ष्म खळग्यांत ओल टिकून गंजाला वाव मिळतो.

लपवण्यात स्टोनवॉश सरस. फिरत्या पिंपात सिरॅमिकच्या तुकड्यांबरोबर घोळवलेल्या पात्यावर सर्व दिशांनी बारीक ओरखडे उमटतात. त्या गर्दीत नवा ओरखडा सहसा ओळखू येत नाही. काळ्या लेपांचे वागणे दुहेरी आहे. हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप अतिशय कठीण असल्याने रोजच्या घासण्याला दाद देत नाही. पण त्याची जाडी जेमतेम काही मायक्रॉन. हिऱ्याच्या दगडाने तो निघाला, की काळ्यावर पांढरे पोलाद उघडे पडते आणि हा डाग घरी बुजवता येत नाही.

जपानी सुऱ्यांतील कुरोउची म्हणजे भट्टीतली काळी खपली तशीच राखलेले पाते. तीही दगडाने निघते. हातोडीच्या ठोक्यांच्या त्सुचिमे जिलईत दगड उंचवट्यांनाच लागतो, खळगे अस्पर्श राहतात. कासुमीत कठीण गाभा उजळ आणि त्यावरचे मऊ लोखंडी आवरण धूसर दिसते. मऊ लोखंडावर चरे खोल जातात, म्हणून शेवटी बारीक दगड फिरवावाच लागतो.

दुरुस्तीसाठी सॅटिन सर्वांत सोयीची. लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून मूळ रेघांच्या दिशेने घासावे. आधीच्या क्रमांकाचे चरे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा बारीक कागद घेऊ नये. आरशी जिलईला त्यानंतर पॉलिशची पेस्टही लागते. स्टोनवॉश हाताने हुबेहूब परत आणणे अवघड. पाते पातळ करायचे नसेल, तर धार लावण्यापूर्वी उताराच्या वरच्या भागावर चिकटपट्टी लावणे हा सर्वच जिलयांसाठी स्वस्त बचाव आहे.