उचंत खात्यातली माणसे

(१६ डिसेंबर रोजी विजय दिनानिमित्त संस्थेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयावर एखादे माजी सैनिक बोलले असते तर ते अधिक शोभले असते. मी बँकेतला कारकून. बी.ए.ला इतिहास विषय होता, एवढीच माझी पात्रता. पण कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय मीच सुचवला, आणि आपल्याकडे जो सुचवतो त्याच्याच गळ्यात काम पडते, हे आपणांस ठाऊक आहेच.

काही वर्षांपूर्वी माझ्या काउंटरवर एक वयस्कर बाई आल्या. हातात मुलाचे पासबुक. मुलगा कामासाठी परगावी गेला तो परतलाच नाही. खात्यात थोडे पैसे होते. मी सवयीने म्हणालो, "मावशी, मृत्यूचा दाखला आणा." त्या म्हणाल्या, "साहेब, तो गेला असं मी कुणाच्या तोंडानं सांगू? दाखला मागायचा म्हणजे मीच त्याला मारायचं की." आणि पासबुक पदरात गुंडाळून निघून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. रक्कम लहान असेल तर पोलिसांतली तक्रार, तपास लागला नाही असा पोलिसांचा दाखला आणि हमीपत्र एवढ्यावर बँकेला असा दावा निकाली काढता येतो, हे मला नंतर समजले. ती चूक माझी. आजही ती मला टोचते.

कायदा म्हणतो की, ज्यांना एखाद्याची खबर सहज मिळायला हवी त्यांना सात वर्षे ती मिळाली नाही, तर तो मृत आहे असे मानता येते. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. त्याने वारसाची सोय होते. पण माणूस गेला कुठे, या प्रश्नाला कायद्याचे उत्तर नाही.

आज आपण ढाक्याचा विजय साजरा करतो आहोत. त्या युद्धात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक व नागरिक आपल्या ताब्यात आले. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सरहद्दीवरून आपले सहाशेहून अधिक युद्धकैदी परतले. पुढे १९७३च्या सप्टेंबरपासून एप्रिल १९७४ पर्यंत आपण त्यांचे कैदी आगगाड्या भरभरून पाठवले. ते योग्यच केले. १९४९च्या जिनिव्हा कराराचे कलम ११८ तेच सांगते : लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब घरी पाठवा. पण आपली माणसे मोजून घेण्यात आपण ढिलाई केली, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल १९७९ मध्ये लोकसभेत सरकारने पाकिस्तानात असल्याचे समजल्या जाणाऱ्या ४० जणांची नावे दिली. तोवर आपल्या हाती देण्याघेण्यासारखे काही उरले नव्हते. पुढे आकडा ५४ झाला. १९७१ नंतर बेपत्ता झालेले धरून सरकार आता ८३ सांगते. पाकिस्तान म्हणते, आमच्याकडे कोणी नाही.

कोणी म्हणेल, युद्धात माणसे हरवतातच. खरे आहे. पण पुढचे ऐका. मेजर अशोक सुरी यांना सरकारने प्रथम धारातीर्थी पडले असे जाहीर केले होते. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांच्या वडिलांना फरिदाबादला मुलाच्या हातची चिठ्ठी मिळाली. १९७५ मध्ये कराचीहून दुसरे पत्र आले, त्यात आपल्याबरोबर आणखी २० अधिकारी असल्याचे लिहिले होते. हस्ताक्षर तपासले गेले आणि सरकारने 'मृत' खोडून 'बेपत्ता' लिहिले. टाइम साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१च्या अंकात गजांआड उभ्या असलेल्या एका कैद्याचे छायाचित्र होते, मेजर ए. के. घोष यांच्या घरच्यांनी ते आपल्या माणसाचे म्हणून ओळखले. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी विमान घेऊन गेले ते आले नाहीत. पकडलेल्या वैमानिकांच्या पाकिस्तानी वृत्तपत्रातील बातमीत त्यांच्यासारखे नाव होते. त्यांच्या पत्नी दमयंती या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी पुढचे सारे आयुष्य या शोधात घातले. १९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत, आणि २००७ मध्ये १४ जण तिकडच्या अनेक तुरुंगांपर्यंत जाऊन आले. हाती काही लागले नाही.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. ऑगस्ट १९७२ मध्ये दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तीन वैमानिक रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पळाले. अफगाण सरहद्दीजवळ, लंडी कोतलच्या भागात, पकडले गेले. कैदेतून पळालेले हे लोक, पण डिसेंबरात ते सुखरूप घरी आले. परुळकरांचे २०२५च्या ऑगस्टमध्ये निधन झाले, तोवर ते ही हकिगत हसत सांगत असत. त्यांना कोणी गायब करू शकले नाही, कारण त्यांची नावे यादीवर होती. छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी आणि जिनिव्हाच्या कचेरीला एक कार्ड पाठवू द्यावे, असा नियम आहे. त्या पोस्टकार्डाएवढ्या कागदावर माणसाचा जीव अवलंबून असतो. विद्यार्थी मित्रांनो, कारकुनी कामाला हसू नका.

आमच्या बँकेत 'उचंत खाते' असते. ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची. तपासनीस आला की पहिला प्रश्न : ही नोंद किती दिवसांची? उत्तर नसेल तर मेमो हातात. (खजिनदार साहेब हसताहेत, आपल्या संस्थेचेही तीनशे रुपये गेली दोन वर्षे तिथेच आहेत.) तीनशे रुपयांचा जाब विचारणारा आहे. या ५४ नोंदी पन्नास वर्षांहून अधिक काळ पडून आहेत.

आता जे मला खरे सांगायचे आहे ते. मी नावे घेतली ती कोणाची? मेजर, फ्लाइट लेफ्टनंट. त्यांच्या घरच्यांना इंग्रजीत अर्ज लिहिता येत होता, दिल्लीत ओळखी होत्या. तरी त्यांना दाद मिळाली नाही. पण त्याच यादीत सिपाई आहेत, गनर आहेत, नाईक-हवालदार आहेत. त्यांच्या आई-बायकांचे अर्ज कोणी लिहिले असतील? महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांत सैन्यातली पेन्शन येते. तार वाचायला शाळामास्तरांकडे धावलेल्या आज्या इथे बसलेल्या असतील. सिपायाचे नाव राखणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या शेवटी 'नाक' आहे अशी २२ नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले ते त्या कोरलेल्या नावांपुढे. ती नावे दगडावर नसती तर आपण कोणत्या पुराव्यावर बोललो असतो? बेपत्ता सिपायाला तर स्तंभही नाही. त्याला मेलेल्यांत लिहायचे की जिवंतांत, हेच ठरलेले नाही.

माझा हा आग्रह पाकिस्तानविरुद्ध घोषणा देण्यासाठी नाही. तशा घोषणांनी एकही पत्र घरी आलेले नाही. ते सगळे जिवंत आहेत असेही मी म्हणत नाही. तेव्हा तिशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे असेल. मागणी हिशेबाची आहे. कुठे पकडला, कोणत्या तुरुंगात ठेवला, मेला असेल तर कधी आणि माती कुठे दिली. गुजरात उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सरकारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तो कायद्याचा भाग मला नीट उलगडत नाही. पण २००८च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्यात मच्छीमार असतात, चुकून हद्द ओलांडलेले असतात. आपण कोरेगावला रांगेत उभे असतो त्याच दिवशी दिल्लीत आणि इस्लामाबादेत ही यादी बदलली जाते. त्या वेळी भारत बेपत्ता सैनिकांचाही विषय काढतो, दोन ओळींत.

त्या दोन ओळींच्या पुढे काय झाले, हे आपल्या खासदारांना विचारता येते. मी १९७९ची ४० नावांची यादी हाताने उतरवून आणली आहे, हुद्द्यांसह. उद्यापासून ती वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ लावलेली असेल. खाली खासदारांचा पत्ता लिहिला आहे आणि पत्राचा मसुदाही, मराठीत. पोस्टकार्डे कार्यालयात मिळतील, त्यांचे पैसे संस्थेने घालायचे ठरले आहे. १ जानेवारीला आपली बस पहाटे पाचला सुटते. त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत पत्रे माझ्याकडे द्या, मी एकत्र टाकीन.

जयभीम.