थिबा राजाला गादीवरून का उतरवलं?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रत्नागिरीत थिबा पॅलेस कुणाला ठाऊक नाही? पण ब्रह्मदेशचा हा शेवटचा बौद्ध राजा आपल्या गावी कैदी होऊन का आला? "जुलमी होता, म्हणून इंग्रजांनी काढला," एवढंच आम्ही ऐकत आलो.

आता सनावळी पाहा. थिबा १८७८ मध्ये गादीवर आला. फेब्रुवारी १८७९ मध्ये मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातल्या कितीतरी जणांची कत्तल झाली. राजा बौद्ध होता म्हणून आम्ही ती झाकणार नाही. पंचशील घेणाऱ्यांनी तर मुळीच झाकू नये. पण तेव्हा इंग्रजांनी काय केलं? निषेध केला, त्याच वर्षी मंडालेतला आपला प्रतिनिधी काढून घेतला आणि स्वस्थ बसले. त्यांचं सैन्य अफगाणिस्तानात आणि दक्षिण आफ्रिकेत गुंतलं होतं.

मग १८८५ मध्येच फौज का निघाली? त्या जानेवारीत ब्रह्मी दरबाराने फ्रान्सशी करार केला होता. पूर्वेला व्हिएतनाममध्ये फ्रेंच पाय रोवत होते. शिवाय सागवान तोडणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला दरबाराने सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. नोव्हेंबरात लढाई सुरू झाली आणि महिना संपायच्या आत राजा कैद! जुलूम सहा वर्षांचा जुना होता. फ्रेंचांची धास्ती आणि सागवानाचा पैसा मात्र ताजा होता.

बरं, राज्य प्रजेला मिळालं का? नाही. १ जानेवारी १८८६ रोजी ते खालसा झालं. गावोगावचे लोक पुढे कित्येक वर्षं इंग्रजांशी लढत राहिले. थिबा डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला.

पुढेही हाच हिशेब दिसतो. सद्दाम इराणशी लढत होता तोवर अमेरिकेने त्याला मदत केली. २००३ मध्ये त्यालाच उतरवलं. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारात लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं, तेव्हा कुठल्याही महासत्तेची फौज लोकांसाठी धावली नाही.

म्हणून बांधवांनो, "राज्यकर्ता जुलमी आहे का?" एवढ्यावर थांबू नका. "आत्ताच का? आणि नंतर राज्य कुणाचं?" हेही विचारा. राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. जुलूम रोखणं हे लोकांचंच काम आहे. परक्याची तोफ ते करील, या भरवशावर राहू नका.

जय भीम!