आईच्या शरीराची डबल पाळी
(विहारातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. सूतगिरणीत राबणारा माणूस आहे. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचून आणि विचारून. बाळंतपणावर पुरुष बोलतो याचे काहींना हसू येईल. पण या विषयातले अज्ञान जास्त करून आम्हा पुरुषांचेच आहे.

पहिल्या खेपेला माझी मंडळी जिना चढताना धापा टाकायची, दुपारी आडवी व्हायची. मी म्हणायचो, "आमच्या आया शेतात राबून बाळंत झाल्या, तुलाच काय झालंय?" सातव्या महिन्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबीन सात! डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावले. तेच आज तुम्हाला सांगतो.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुमारे २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचे हृदय धडधडू लागते. तिसरा महिना संपेपर्यंत हात, पाय, बोटे यांची घडण झालेली असते. आईला उमासे, ओकाऱ्या, झोप याच काळात जास्त. ती नाटके नव्हेत. पाचव्या महिन्यात बाळाची हालचाल कळते आणि गर्भपिशवी बेंबीपर्यंत येते. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचे वजन झपाट्याने वाढते.

आता आईकडे बघा. तिच्या अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. पण त्यात पाणी जास्त वाढते, म्हणून लोह कमी पडले की रक्त फिके होते. हृदय जादा काम करते. वाढलेली पिशवी वर ढकलते म्हणून दम लागतो, जळजळ होते. खाली दाबते म्हणून सारखी लघवी लागते. आपण लागोपाठ दोन पाळ्या केल्या तर दुसऱ्या दिवशी खाडा करतो. ही बाई नऊ महिने डबल पाळी करते, तीही बिनखाड्याची!

म्हणून तिला सर्वांत शेवटी, उरलेसुरले वाढू नका. "जास्त खाल्लं तर बाळंतपण अडेल" ही समजूत सोडा. लोहाच्या गोळ्या रोज द्या, चहाबरोबर नको. ग्रहणात तिला कोंडून ठेवू नका. ग्रहणाने बाळाला व्यंग येत नाही. निदान चार तपासण्या कराच. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते.

आणि हे पाठ करा : अंगावरून रक्त जाणे, खूप डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातांवर सूज, झटके, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे. यातले एकही दिसले तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेबांनी बिलाला पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. बाबासाहेबांनी जी विश्रांती कारखानदाराकडे मागितली, ती आपण आपल्या घरात देतो का?

माझी मंडळी सुखरूप सुटली. ते नशीब नव्हे, वेळेवर झालेली तपासणी होती. पण मी जे बोललो होतो, ते तिला अजून आठवते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढेच सांगून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!