कॉलेजातल्या त्या मुलीला सांगायचं होतं

रेडिओवरच्या ताईंनी मला विषय दिला तो असा – कॉलेजात तुम्ही काय शिकलात, आणि आज ती कॉलेजातली मुलगी समोर येऊन उभी राहिली तर तिला काय सांगाल? मी म्हटलं, ताई, मी काय सांगणार? मला बी.एस्सी. व्हायला तीनाऐवजी चार वर्षं लागली. तर त्या म्हणाल्या, मग ते जास्तीचं एक वर्षच सांगा. म्हणून आज तेच सांगते.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस कमी, मेंढरं जास्त. १९९४ साली मी दहावी झाले तेव्हा आमच्या वस्तीवरची दहावी झालेली मी पहिली मुलगी. अण्णांनी पेढे वाटले. गुरुजी म्हणाले, गणित चांगलं आहे, सायन्सला घाला. घातलं. दोन वर्षं घोकून घोकून बारावी काढली आणि १९९६ला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलं.

दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली मी. त्वरण म्हणजे काय, जडत्व म्हणजे काय, मला चांगलं कळत होतं. एस.टी.नं ब्रेक मारला की आपण पुढे का झुकतो ते मी धाकट्या भावाला समजावून सांगायची. पण कॉलेजात सर फळ्याकडे तोंड करून म्हणायचे ‘इनर्शिया’, आणि मी वहीत इनर्शिया लिहून घ्यायची. हे आपलंच जडत्व आहे हे मला कितीतरी महिने कळलं नाही. अपवर्तनाचं रिफ्रॅक्शन झालं, क्षपणाचं रिडक्शन झालं. माझ्या ओळखीचीच माणसं, पण नावं बदलून आलेली. मला वाटलं, मला डोकंच नाही. पुढच्या बाकावरच्या तालुक्याच्या मुली भराभर माना हलवायच्या. त्यांनाही सगळं कळत नव्हतं, हे एकीनं मला फार नंतर, दोन लेकरं झाल्यावर, एका लग्नात सांगितलं.

फीचं सांगायचं राहिलं. प्रवेशाच्या वेळी पैसे कमी पडले, म्हणून आईनं गळ्यातलं डोरलं सोनाराकडे गहाण ठेवलं. मी बरोबर होते. आमच्याच कॉलेजात ई.बी.सी.ची सवलत होती. तलाठ्याचा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज दिला असता तर आमच्यासारख्यांना फी माफ होत होती. अर्ज ऑफिसच्या खिडकीतच मिळायचा. मी त्या खिडकीपाशी दोनदा गेले. आतले साहेब वर न बघता “काय पाहिजे?” म्हणाले आणि मी “काही नाही” म्हणून परत आले. एवढ्यासाठी आईचं डोरलं पावणेदोन वर्षं सोनाराकडे पडून राहिलं.

त्याच वर्षी मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत कर्मवीर भाऊराव पाटलांवर बोलले. लक्ष्मीबाई पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे मी असं काही बोलले की समोरच्या बायकांनी डोळे पुसले. दुसरा नंबर आला. माझ्या स्वतःच्या आईचा गळा मोकळा आहे, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही. लाज वाटायची.

मग निकाल लागला. फिजिक्स आणि गणित, दोन्ही गेले.

मी घरी सांगितलं, पास झाले.

मैत्रिणींनो, खोटं बोलायला एक क्षण लागला, पण ते चालवायला रोज डबा भरून घ्यावा लागला. सकाळी सातच्या गाडीनं निघायचं, तालुक्याच्या स्टँडवर उतरायचं, आणि कॉलेजात नाव नाही म्हणून तिथंच बाकावर बसायचं. दुपारी डबा खायचा. साडेचारच्या गाडीनं घरी. आई विचारायची, काय शिकवलं? मी काहीतरी सांगायची. असे दोन महिने. त्या दोन महिन्यांत राहिलेल्या विषयांच्या ऑक्टोबरच्या परीक्षेचे फॉर्म भरून संपले. नोटीस कॉलेजच्या फलकावर लागलेली होती, स्टँडपासून दहा मिनिटांच्या अंतरावर. तोंड दाखवायला नको म्हणून मी तिकडे फिरकलेच नाही. वर्ष वाया गेलं ते नापास झाल्यामुळे नाही गेलं. ऑक्टोबरला ते विषय सुटले असते.

अण्णा बाजाराच्या दिवशी मेंढरं घेऊन तालुक्याला आले आणि स्टँडवर मी दिसले. मला वाटलं, आता इथंच मारतात. ते शेजारी बसले. थोड्या वेळानं दोन ग्लास रस घेऊन आले. म्हणाले, “कधीपासून बसतीस इथं?” मी सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आईला काय सांगायचं ते गाडीत ठरवू.”

आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, “डोरलं काय, आज ना उद्या सोडवता येतंय. पण तू दोन महिने एकटी स्टँडवर बसलीस. काय झालं असतं म्हणजे?” ती रागावली होती ती यावरून. नापास झाल्याचं तिनं पुन्हा काढलंही नाही.

आता इथं मला खरं बोललं पाहिजे. त्या मुलीला आज मी सांगेन का, की बाई गं, पहिल्याच दिवशी घरी खरं सांग? सांगावंसं वाटतं. पण माझ्याबरोबरची एक मैत्रीण त्याच निकालात नापास झाली होती, आणि तिनं घरी खरं सांगितलं. पुढच्या लग्नसराईत तिचं लग्न लागलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी आजही म्हणते. म्हणजे मी घाबरले ते उगीच घाबरले नव्हते. माझे वडील रस घेऊन आले, तिचे स्थळ घेऊन आले. म्हणून त्या मुलीला नुसतं “धीट हो” म्हणणं मला पटत नाही. तिच्या घरच्यांना आधी काही सांगायला हवं. आज ऐकणाऱ्यांत पुष्कळ जणी आया आहेत, चुलत्या-मावश्या आहेत. जूनमध्ये पोरीला कॉलेजात घालताना डबा, छत्री, पास सगळं देतो आपण. त्याच वेळी एवढं बोलून ठेवा, की एखादा विषय राहिला तर आधी मला सांगायचं, त्यावरून तुझं शिक्षण बंद होणार नाही. आणि मग तो शब्द पाळा, नाहीतर बोलू नका.

पुढच्या वर्षी मी परीक्षा दिली ती कशी, तेही सांगते. वसतिगृहात राहणारी तिसऱ्या वर्षाची एक ताई होती. तिनं माझी वही बघितली आणि मधोमध एक रेघ मारली. म्हणाली, डावीकडे दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द लिही, उजवीकडे इंग्रजी. दीडशेच्या वर शब्द झाले. त्यातले निम्म्याहून जास्त मला आधीच येत होते! त्या दिवशी मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून रडले. आता तर मोबाईलवर शब्द मिळतात, पण मी पोरींना अजून वहीच करायला लावते. हातानं लिहिलेलं राहतं.

आमच्या कॉलेजातही ‘कमवा आणि शिका’ होतं. मी ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवायचं काम घेतलं. आधी वाटायचं, काम करणारी पोर म्हणून सगळे हसतील. कोणी हसलं नाही. उलट ग्रंथालयातल्या काकांनी जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठाच पुढे टाकला. मी त्या आधी कधी बघितल्याही नव्हत्या.

आणखी एक गोष्ट, रेडिओवर बोलायची नसते म्हणतात, पण मी बोलणार. मुलींच्या संडासाला कुलूप असायचं. किल्ली शिपायाकडे, आणि तिथंच पोरांचा घोळका. किल्ली मागायची लाज, म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. मला लघवीच्या जळजळीचा त्रास झाला, दवाखाना झाला. मी एकटीच असं करते असं प्रत्येकीला वाटत होतं. दुसऱ्या वर्षाला आम्ही आठ जणींनी सह्या करून प्राचार्यांना अर्ज दिला. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून किल्ली मुलींच्या खोलीत. इतकी वर्षं ती किल्ली मागायला कोणी गेलंच नव्हतं. पुढे बचत गट चालवताना ही आठ सह्यांची गोष्ट मला फार उपयोगी पडली.

२००० साली केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. आज दूध शीतकरण केंद्रात फॅट आणि एस.एन.एफ. तपासते. तुमच्यातल्या काही जणींचं दूध माझ्या हाताखालून जातं.

आताच्या पोरींसाठी चार कामाच्या गोष्टी. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि लागत असेल तर जातीचा दाखला, हे निकालाची वाट न बघता मे महिन्यातच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते. शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटीवर ऑनलाइन भरतात. पैसे पोरीच्या खात्यात येतात, तेव्हा खातं आधारला जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन विचारा. आणि २०२४ मध्ये सरकारनं निर्णय केलाय: वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. आपली पोर त्यात बसते का, हे कॉलेजच्या खिडकीत विचारा. आतले साहेब वर बघेपर्यंत हलू नका.

आणि ज्या जणी म्हणतात, आमचं राहूनच गेलं, त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. बारावी झालेल्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी अभ्यास करून पदवी घेता येते. आमच्या गटातल्या एकजणी सूनबाईबरोबर अभ्यास करतायत. कोण पुढे आहे ते विचारू नका, घरात भांडण होईल.

गेल्या वर्षी निकालाच्या दिवशी रात्री नऊ वाजता माझ्या पुतणीचा फोन आला. कॉलेजच्या वसतिगृहातून बोलत होती. आधी म्हणाली, काकी, जेवलात का? मी म्हटलं, जेवले. मग गप्प. मागे पोरींचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं. मग हळूच म्हणाली, “काकी, फिजिक्स राहिलं. पप्पांना अजून सांगितलं नाही.”

मी म्हटलं, “पप्पांना आपण दोघी मिळून सांगू. आधी मला सांग, परत परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कुठली?”

ती म्हणाली, “बघून सांगते,” आणि फोन चालूच ठेवून फलकापाशी गेली.