ब्रिटनच्या नकाशावरील ‘पटेल’

ब्रिटनमधील आडनावांच्या भौगोलिक अभ्यासाचा पाया १८८१ सालच्या जनगणनेवर उभा आहे. त्या जनगणनेतील नोंदी पुढे संगणकावर उतरविल्या गेल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणते आडनाव कोणत्या परगण्यात दाट होते आणि कोठे विरळ होते, हे गावपातळीपर्यंत पाहता येते. या नोंदींशेजारी अलीकडच्या मतदारयाद्या ठेवल्या की असे दिसून येते की, पुष्कळ जुनी इंग्रजी आडनावे औद्योगिक क्रांतीचे शतक उलटून गेल्यावरही आपल्या उगमाच्या आसपासच अधिक संख्येने नांदत आहेत. ‘पटेल’ या आडनावाला मात्र ही पद्धत लावता येत नाही. १८८१ च्या नोंदींत त्याला जवळजवळ स्थानच नाही, आणि आज ते ब्रिटनमधील सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या पन्नास आडनावांत गणले जाते, तर लंडन महानगरात पहिल्या दहांत. स्मिथ, टेलर, बेकर या नावांमागे सात-आठशे वर्षांचा इंग्रजी भूमीवरील इतिहास आहे. पटेल या नावाचा तेथील इतिहास मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामावलेला आहे. त्यामुळे एखादे आडनाव परक्या भूमीवर कसे आणि का पसरते, हे कागदपत्रांच्या आधारे टप्प्याटप्प्याने तपासण्याची दुर्मिळ संधी अभ्यासकांना येथे मिळते.

मूळ शोधू जाता हे नाव जातीचे नाही, कुळाचेही नाही. ते अधिकारपदाचे आहे. माळव्यातील परमार राजांच्या दहाव्या-अकराव्या शतकांतील ताम्रपटांत ‘पट्टकिल’ असा शब्द गावातील प्रमुख माणसांसंबंधी येतो, आणि गुजरातीतील ‘पटेल’ व मराठीतील ‘पाटील’ ही त्याचीच दोन रूपे मानली जातात. गावाचा वसूल गोळा करणारा, तंटे मिटविणारा आणि सरकारपुढे गावाच्या वतीने उभा राहणारा जो वतनदार, तो पटेल. महाराष्ट्रात पाटीलकीचे वतन किती मोलाचे होते, हे निराळे सांगावयास नको. महादजी शिंद्यांसारखा सेनानी उत्तर हिंदुस्थानात सत्ता गाजवीत असतानाही स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात भूषण मानीत होता. पद हे पद असल्यामुळे ते ज्याच्याकडे गेले त्याचे नाव झाले, मग त्याची जात वा धर्म कोणताही असो. गुजरातेत कणबी पटेल झाले तसेच दक्षिण गुजरातेतील कोळीही झाले, भरूच जिल्ह्यातील मुसलमान वोहरा शेतकऱ्यांतही हे नाव रुजले आणि पारशांतही ते आढळते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध मुंबईच्या कोळ्यांना एकत्र करून लढणाऱ्या रुस्तम दोराबजी या पारशी गृहस्थास ईस्ट इंडिया कंपनीने कोळ्यांचे पटेलपद दिले, आणि त्याच्या वंशजांनी ते आडनाव म्हणून चालविले, हे याचे मुंबईतीलच उदाहरण होय. सामान्यतः ‘हिंदू आडनाव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नावाची ही व्याप्ती ध्यानात ठेवल्याशिवाय ब्रिटनचा नकाशा नीट वाचता येत नाही.

ब्रिटनमधील पटेलांत पाटीदार या शेतकरी समाजाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यातही चरोतराचा. चरोतर म्हणजे मही आणि शेढी या नद्यांमधला, तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेला, पूर्वीच्या खेडा जिल्ह्यातील सुपीक प्रदेश. तेथील अनेक गावांत ‘नरवा’ नावाची जमीनधारणेची पद्धत होती: गाव वसविणाऱ्या मूळ पुरुषाच्या वंशजांत जमिनीचे हिस्से पडत, त्या हिश्शाला ‘पाटी’ म्हणत, आणि सरकारी साऱ्याची जबाबदारी सर्व भाऊबंद मिळून उचलीत. जो पाटी धारण करतो तो पाटीदार. पुढे हा शब्द मानाचा ठरला आणि पूर्वी कणबी म्हणून नोंदल्या जाणाऱ्या लेवा व कडवा या दोन्ही शाखांनी तो स्वीकारला. १९३१ च्या जनगणनेत ‘पाटीदार’ हेच नाव अधिकृतपणे नोंदले गेले. डेव्हिड पोकॉक या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने या स्थित्यंतराचा चरोतरात राहून अभ्यास केला आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो सविस्तर मांडला.

चरोतरातील नडियाद, करमसद, वसो, सोजित्रा, धर्मज आणि भादरण ही सहा गावे कुलीन मानली गेली. सारे गाव एकाच मूळ पुरुषाचे वंशज, म्हणून गावात सोयरीक होत नसे. आणि मुलगी वरच्या प्रतिष्ठेच्या गावी देण्याची आकांक्षा असल्यामुळे या सहा गावांतील वरांसाठी हुंड्याची रक्कम चढत गेली. तिला आळा घालण्यासाठी ठरावीक गावांनी आपापसांतच सोयरिकी कराव्यात अशी मंडळे निघाली, त्यांना ‘गोळ’ म्हणतात. पिढ्यानुपिढ्या वाटण्या होऊन लहान झालेली शेते, हुंड्याचा भार, आणि त्यावर १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ, जो विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून आजही ओळखला जातो, या साऱ्यांनी चरोतराच्या तरुणांना समुद्राकडे लोटले. येथे एक गोष्ट महाराष्ट्राने आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. भादरण, सोजित्रा व धर्मज ही गावे गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होती, आणि सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले होते. हिशेब लिहिता येणारा, पत्रव्यवहार करू शकणारा शेतकऱ्याचा मुलगा परदेशी जाताना मजूर म्हणून न जाता कारकून, दुकानातील गुमास्ता किंवा स्टेशनमास्तर म्हणून जाऊ शकला, याचे काही श्रेय त्या शाळांना द्यावेच लागेल.

पूर्व आफ्रिकेतील मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. तो बांधणारे करारबद्ध मजूर मुख्यतः पंजाबातील होते. लोहमार्गामागून जी ठाणी, बाजार आणि कचेऱ्या वसल्या त्यांत गुजराती आले, आणि त्यांत पाटीदारांची संख्या मोठी होती. आडनावाच्या दृष्टीने हा टप्पा निर्णायक ठरला. गावी माणसाची ओळख स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव यांवरून होत असे. पारपत्र, आगबोटीचे तिकीट आणि वसाहतीतील परवाने यांना मात्र कायमचे, पिढीमागून पिढी न बदलणारे आडनाव हवे होते. ज्यांच्या घराण्यांकडे ‘अमीन’ किंवा ‘देसाई’ ही महसुली पदे चालत आली होती त्यांनी ती लावली, आणि बहुसंख्यांनी ‘पटेल’ लिहिले. या एकसारखेपणाने त्या काळीही गोंधळ होत असे. वल्लभभाई पटेलांनी विलायतेला जाण्यासाठी मागविलेली प्रवासाची कागदपत्रे ‘व्ही. जे. पटेल’ या नावाने आली, थोरले बंधू विठ्ठलभाई यांचीही आद्याक्षरे तीच असल्यामुळे त्यांनी आधी आपण जावे अशी इच्छा व्यक्त केली, आणि वल्लभभाईंनी ती मान्य केली, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. वल्लभभाई स्वतः १९१० मध्ये लंडनला गेले आणि मिडल टेम्पल या संस्थेतून बॅरिस्टर होऊन १९१३ मध्ये परतले. त्या काळात ब्रिटनमध्ये दिसणारे पटेल हे असे थोडे विद्यार्थी, आणि तेही परत फिरणारे.

वस्ती झाली ती मुख्यतः आफ्रिकेच्या मार्गाने. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने वसाहतींतील रहिवाशांना ‘युनायटेड किंग्डम व वसाहतींचे नागरिक’ हा दर्जा दिला होता, आणि केनिया, युगांडा, टांगानिका स्वतंत्र झाल्यावरही तेथील पुष्कळ गुजरात्यांनी तो सोडला नाही. केनियात १९६७ पासून व्यापार आणि नोकऱ्या आफ्रिकी नागरिकांसाठी राखण्याचे धोरण कठोर झाले, तेव्हा हे लोक आपल्या ब्रिटिश पारपत्रावर विसंबून निघाले; आणि मार्च १९६८ मध्ये ब्रिटिश संसदेने काही दिवसांत कायदा संमत करून ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा ब्रिटनशी जन्माने किंवा तत्सम नात्याने जोडलेले नव्हते, अशा पारपत्रधारकांचा प्रवेशाचा हक्क काढून घेतला. वर्षाला सुरुवातीस फक्त १,५०० कुटुंबप्रमुखांना परवाने मिळत. स्वतःच दिलेल्या पारपत्राची किंमत एखाद्या सरकारने इतक्या घाईने शून्यावर आणावी, ही त्या देशाच्या कायद्याच्या परंपरेला न शोभणारी गोष्ट होती, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. चार वर्षांनी, ऑगस्ट १९७२ मध्ये, युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, आणि सुमारे २७ ते २८ हजार माणसे ब्रिटनमध्ये उतरली. त्यांना तात्पुरते जुन्या लष्करी तळांवर ठेवण्यात आले. पुनर्वसन मंडळाने देशाची ‘लाल’ आणि ‘हिरवी’ अशी वाटणी केली होती, म्हणजे आधीच आशियाई वस्ती असलेल्या शहरांत जाऊ नये आणि इतरत्र पांगावे, असा सल्ला दिला जात असे.

लेस्टरच्या नगरपालिकेने तर सप्टेंबर १९७२ मध्ये युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन आमच्या शहरात येऊ नका असे कळविले. लोक आले ते मात्र तेथेच, आणि त्यामागील कारणे साधी होती. केनियातून आलेले नातलग तेथे आधीच होते. होजियरी आणि पादत्राणांच्या कारखान्यांत पुरुषांबरोबर स्त्रियांनाही काम मिळे. आणि बेलग्रेव्ह भागातील जोडघरांच्या जुन्या ओळी पाडण्याच्या योजना रखडल्यामुळे ती घरे स्वस्तात विकत घेता येत होती. बेलग्रेव्ह रोडवर सराफांची, साड्यांची आणि फरसाणाची दुकाने उभी राहिली, तेथील दिवाळीची रोषणाई पाहण्यास सारे शहर लोटू लागले, आणि पटेल हे आडनाव लेस्टरच्या मतदारयादीत अगदी वरच्या रांगेत जाऊन बसले. या शहराने ज्यांना नको म्हटले त्यांनीच त्याचा बुडता व्यापार सावरला, हे लेस्टरकरांनीही पुढे मोकळेपणाने मान्य केले.

लंडनमध्ये हे नाव वायव्येकडील ब्रेंट आणि हॅरो या उपनगरांत सर्वांत दाट आहे. वेम्बलीचा ईलिंग रोड ही तेथील बाजारपेठ, आणि १९९५ मध्ये नीझडन येथे उभारलेले दगडी कोरीव कामाचे स्वामिनारायण मंदिर हे सर्वांत ठळक स्थान. ज्या बीएपीएस संस्थेने ते बांधले तिचे संस्थापक शास्त्रीजी महाराज हे चरोतरातील पाटीदार कुळात जन्मले होते. वर्तमानपत्रे व किरकोळ माल विकणारी कोपऱ्यावरची दुकाने आणि पुढच्या पिढीत औषधांची दुकाने या व्यवसायांमुळे पटेल लंडनपासून दूरच्या लहान गावांतही एकेका कुटुंबाने पोहोचले, कारण लहान गावात अशा एकाहून अधिक दुकानांना जागा नसते. आडनावाचा जो विरळ थर दक्षिण इंग्लंडभर दिसतो, तो या दुकानांनी निर्माण केला.

लँकेशायरमधील ब्लॅकबर्न, बोल्टन व प्रेस्टन आणि यॉर्कशायरमधील बॅटली व ड्यूसबरी येथील दाट ठिपक्यांचा इतिहास निराळा आहे. कापड आणि लोकर गिरण्यांना पन्नास-साठच्या दशकांत रात्रपाळीसाठी कामगार हवे होते. ते भरूच व सुरत जिल्ह्यांतील खेड्यांतून थेट आले, आफ्रिकेतून नव्हे, आणि त्यांत मुसलमान पटेल मोठ्या संख्येने होते. उलटपक्षी बोल्टन आणि हॅरो येथेच राहणारे कच्छी लेवा पटेल, ज्यांचे पूर्वज भुजजवळच्या माधापर, बळदिया, सुखपर यांसारख्या गावांतून नैरोबीला बांधकामासाठी गेले, ते समाज म्हणून पटेल असले तरी आडनावे हिराणी, वरसाणी, हालाई, वेकरिया अशी लावतात. म्हणजे ‘पटेल’ या नावाच्या नकाशात जे पाटीदार नाहीत ते येतात आणि जे आहेत त्यांतील कित्येक सुटतात. आरोग्य आणि लोकसंख्येच्या अभ्यासात ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई व्यक्ती नावावरून ओळखणाऱ्या संगणक प्रणाली वापरल्या गेल्या आहेत, ब्रॅडफर्डमध्ये तयार झालेली ‘नाम पहचान’ ही त्यांपैकी एक. अशा प्रणालींना एखादा पटेल मूळचा भारतीय उपखंडातील आहे एवढे बऱ्याच भरवशाने सांगता येते, परंतु त्याचा धर्म कोणता, हे आडनाव एकटे सांगू शकत नाही.

हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सभासदांकडे पाहिले तरी हेच प्रत्ययास येते. टांगानिकातील लिंडी येथे जन्मलेले आणि स्कॉटलंडात कीर्ती मिळविलेले प्रसूतितज्ज्ञ नरेंद्र पटेल १९९९ मध्ये सरदार झाले आणि त्यांना ‘लॉर्ड पटेल’ एवढीच पदवी मिळाली. पदवी दुसऱ्याच्या पदवीहून वेगळी ओळखू यावी असा तेथील नियम असल्यामुळे पुढच्यांना गावाचे नाव जोडावे लागले: भरूचेत जन्मलेले मुसलमान समाजनेते अॅडम पटेल २००० मध्ये ‘लॉर्ड पटेल ऑफ ब्लॅकबर्न’ झाले, आणि नैरोबीत जन्मलेले कमलेश पटेल २००६ मध्ये ‘लॉर्ड पटेल ऑफ ब्रॅडफर्ड’. टांगानिका, भरूच आणि नैरोबी ही तीन जन्मस्थाने, तीन स्थलांतरे, आणि पदवीत मात्र आडनाव एकच.

एकाच आडनावाच्या माणसांना वेगळे ओळखण्याचा हा प्रश्न पाटीदार समाजाने आपल्यापुरता फार पूर्वीच सोडविला आहे. लंडन, लेस्टर व बर्मिंगहॅम येथील पाटीदार मंडळे गाव आणि गोळ यांच्या आधारे संघटित झाली. विवाह जुळविताना आडनावाने काहीच उलगडत नसल्यामुळे पहिला प्रश्न ‘कोणते गाव?’ असाच असतो, आणि ज्याने ते गाव कधी पाहिलेले नाही अशा वेम्बलीत जन्मलेल्या तरुणालाही त्याचे उत्तर देता यावे लागते, कारण दोघेही एकाच गावचे निघाले तर ते भाऊबंद ठरतात आणि परंपरेप्रमाणे सोयरीक होऊ शकत नाही. नव्या पिढीत गोळाबाहेरचे, जातीबाहेरचे आणि इंग्रजांशीही विवाह होऊ लागले असल्यामुळे हा प्रश्न हळूहळू मागे पडत आहे. तो पुरता मावळण्यापूर्वी या मंडळांच्या जुन्या सभासदयाद्या अभ्यासकांनी हाती घ्याव्यात, कारण मतदारयादीतील कोणता पटेल करमसदचा, कोणता नवसारीकडचा, आणि कोण किसुमू किंवा कंपाला मार्गे आला, हे त्या याद्यांवाचून पुढे ठरविता येणार नाही.