एक हत्ती, दोन घरं आणि बदला

आज बोलू बदल्याबद्दल. "त्याला दाखवतोच" म्हणणारा माणूस शेवटी कुठवर जातो?

आपल्या डोणगावातून मेहकरमार्गे सिंदखेड राजाला तुम्ही गेलाच असाल. जिजाऊंचं माहेर. तिथं त्यांचे वडील लखुजीराव जाधव यांची भलीमोठी समाधी आहे. त्यांच्याच घरातली ही गोष्ट. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' ग्रंथात ती आली आहे.

निजामशहाचा दरबार सुटला होता. बाहेर गर्दी. त्यात खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसं तुडवू लागला. लखुजीरावांचा मुलगा दत्ताजी हत्तीवर चालून गेला. खंडागळ्यांच्या बाजूनं शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी भोसले उतरले. दोघांची जुंपली आणि दत्ताजी मारला गेला.

लखुजीराव पुढं निघून गेले होते. मुलगा गेल्याचं कळताच ते उलटे फिरले. आडवे कोण आले? शहाजीराजे, म्हणजे त्यांचा स्वतःचा जावई! सासऱ्याच्या वारानं जावई जखमी होऊन बेशुद्ध पडला. मग लखुजीरावांनी संभाजीला ठार केलं.

आता जिजाऊंचा विचार करा. भाऊ गेला, दीर गेला, नवरा जखमी, आणि वार करणारे वडील! त्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? बदला असाच असतो बघा. गुन्हेगार बाजूला राहतो, आणि मधल्या माणसाचं घर मोडतं.

पुढं २५ जुलै १६२९ ला निजामशहानं देवगिरीच्या किल्ल्यात लखुजीरावांना मुलं-नातवासह दगा देऊन मारलं. तेव्हा शहाजीराजांनी निजामशाही सोडली. राजकारण त्यात असेलच. पण ज्या सासऱ्याचा वार अंगावर झेलला, त्याच्या मारेकऱ्याची चाकरी त्यांनी केली नाही, हेही खरं.

आज आपल्याकडं हत्ती नाहीत, पण धुरा आहे. वीतभर धुऱ्यापायी सख्खे भाऊ कोर्टात जातात, एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. वकिलाच्या फीमध्ये त्या वीतभर जमिनीची किंमत कितीदा तरी निघून जाते.

माफ करणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे, बरं का. कुणी मारहाण केली तर पोलिसात जाच. पण शिक्षा कायद्यानं द्यावी, आपण कोयत्यानं नाही. जमिनीच्या भांडणाला लोकअदालत आहे; तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, आणि चालू दावा मिटला तर कोर्ट फी परत मिळते. सरकारनं २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं १२ वर्षं चाललं असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क फक्त १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. सध्याची मुदत तलाठ्याला विचारून घ्या.

तर मंडळी, ज्या भावाचा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय, तो आज अनब्लॉक करा. बोलणं सुचलं नाही, तर हा एपिसोडच पाठवा.

भेटू पुढच्या भागात. जय जिजाऊ!