गाण्यांचा डबा घेताना

सोयाबीनचे पैसे हातात आले की परभणीतल्या मोबाइल शॉपीत एक गिऱ्हाईक हमखास दिसतं. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा सणाला गावी येतो आणि आखाड्यावर राहणाऱ्या दादांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, गाणी वाजवणारा डबा घ्यायला निघतो. काउंटरवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती गाणी बसतात?" माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.

एके काळी या प्रश्नाला वजन होतं. 23 ऑक्टोबर 2001 रोजी अ‍ॅपलचा आयपॉड आला, तेव्हा पाच जीबीत हजार गाणी मावतात याचंच लोकांना नवल वाटलं होतं. 2022 मध्ये कंपनीनं तो बंदही केला. आज डब्यात घालायच्या नखाएवढ्या मेमरी कार्डात 32 जीबी मावतात. साध्या दर्जाच्या, म्हणजे 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. गाणं पाच मिनिटांचं धरलं, तर त्या कार्डात सहा हजारांवर गाणी बसतात. आपले दादा त्यातली पन्नास ऐकणार, आणि तीच पुन्हा पुन्हा ऐकणार.

आणि गाण्यांपेक्षा त्यांना ऐकायचं असतं कीर्तन. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. आषाढीच्या आधी शेगावची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. इथल्या म्हाताऱ्या माणसाच्या कार्डात हरिपाठ, भारुड आणि दोन-दोन तासांची कीर्तनं असायचीच. आता बघा, पंपाची थ्री-फेज लाईट बऱ्याचदा रात्री येते. कीर्तन ऐन रंगात आलेलं असताना दादा डबा बंद करून हरभऱ्याला दारं धरायला जातात. परत येऊन बटण दाबतात, तर स्वस्तातला डबा कार्डातल्या पहिल्या फाइलपासून सुरू होतो. मग बटण दाबत दाबत पुढं जायचं, ते अंधारात, ओल्या हातानं. चार दिवसांत डबा कोनाड्यात जातो. म्हणून दुकानातच एखादी लांबलचक फाइल लावा, मधेच बंद करा, पुन्हा चालू करा. थांबली होती तिथूनच वाजली पाहिजे.

दुसरी गोष्ट बॅटरीची. बॅटरी काढता येते का, ते झाकण उघडून बघा. पुष्कळ छोट्या डब्यांत बीएल-5सी बसते, तीच जुन्या नोकिया फोनमधली चपटी बॅटरी. ती सेलूत मिळते, जिंतुरातही मिळते. आतच चिकटवलेली बॅटरी असेल, तर ती मेली की डबाही गेला.

रेडिओचंही नीट विचारून घ्या. बहुतेक डब्यांवर एफएम लिहिलेलं असतं. आकाशवाणीचं आमचं हे परभणी केंद्र 1305 किलोहर्ट्झवर लावायचं, तर डब्यात मीडियम वेव्ह लागते. "एफएम आहे म्हणजे सगळं लागतं," असं दुकानदार म्हणाला, तर त्यालाच 1305 लावून दाखवायला सांगा.

कार्ड भरायची ज्यांना कटकट वाटते, त्यांच्यासाठी सारेगामानं 2017 मध्ये कारवाँ काढला. त्यात पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेली असतात. पुढं त्याची मराठी आवृत्तीही आली. घरात, पलंगाशेजारी ठेवायला चांगला आहे. रोज बांधावर, चिखलात न्यायची मात्र ती वस्तू नव्हे.

कार्ड भरणार असाल, तर एक युक्ती सांगतो. साधे डबे फाइली नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, ज्या क्रमानं भरल्या त्या क्रमानं वाजवतात. तेव्हा कार्ड रिकामं करा आणि आधी हरिपाठ, मग कीर्तनं, मग गाणी, अशा ओळीनं भरा. नुसत्या बोलण्याला 64 केबीपीएस पुरतात, जागा निम्मी लागते. बत्तीस लिहिलेलं कार्ड आत भलत्याच मापाचं निघण्याचे प्रकारही होतात. कार्ड काठोकाठ भरून शेवटची फाइल वाजवून बघा. नकली असेल तर तिथं उघडं पडतं.

इयरफोन शेतात नकोच. पंपाचा आवाज बदलला, बांधावर रानडुकरं आली, तर ते कानाला कळलं पाहिजे. शिवाय 80 डेसिबलच्या आवाजात आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हा दिवाळीला येणाऱ्या मुलांनो, डबा ऑनलाइन मागवून घरी पाठवू नका. दादांना सोबत दुकानात न्या, बटणं त्यांच्याच बोटांनी दाबू द्या, चष्म्याशिवाय. त्यांना जमलं तरच पैसे द्या. आणि भरलेल्या कार्डाची एक प्रत घरी जपून ठेवा.